करंज आणि तळणीच्या तेलापासून डिझेल: उत्प्रेरकाआधी तेल धुवा

‘उत्प्रेरक बसला’ अशी तक्रार आली आणि रिअ‍ॅक्टरची नळी उघडली, की बहुतेक वेळा एकच दृश्य दिसतं. थराच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये डांबरासारखी काळी, चिकट पापडी आणि तिच्याखाली जवळजवळ जसाच्या तसा चांगला उत्प्रेरक. म्हणजे उत्प्रेरकातल्या निकेल-मॉलिब्डेनमची काही चूक नसते. तेलातला गोंद, मीठ आणि साबण वरच्या वर अडकून वाट बंद करतात. म्हणून या कृतीत निम्मी जागा तेल धुण्याला दिली आहे. तेवढं काम नीट झालं तर पुढचं सगळं सरळ होतं.

ही कृती बायोडिझेलची नाही. बायोडिझेलमध्ये तेल, मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा यांपासून एस्टर बनतं आणि तेलातला ऑक्सिजन इंधनातच राहतो. इथे ३४० ते ३६० अंश सेल्सियसला, ५० बार दाबाखाली, हायड्रोजनच्या साहाय्याने तो ऑक्सिजन काढून टाकायचा असतो. हाती येतं ते शुद्ध पॅराफिन. डिझेलमध्ये असतात तसेच, १५ ते १८ कार्बनांचे सरळ साखळीचे हायड्रोकार्बन. त्याचा सीटेन अंक (इंधन इंजिनात किती सहज पेटतं त्याचं माप) ७० च्या वर जातो, टाकीत ठेवलं तरी ते आंबत नाही, आणि त्याचं उष्मामूल्य किलोला ४४ मेगाज्यूलच्या आसपास असतं. बायोडिझेलचं ३७-३८ असतं.

नळीत काय घडतं ते ट्रायओलीन या तेलातल्या नमुन्याच्या रेणूच्या हिशोबाने बघा. १०० ग्रॅम ट्रायओलीनला ३.४ ग्रॅम हायड्रोजन लागतो. सगळा ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने निघाला तर ८६ ग्रॅम ऑक्टाडेकेन, ५ ग्रॅम प्रोपेन आणि १२ ग्रॅम पाणी मिळतं. ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड होऊन निघाला तर साखळी एका कार्बनने आखूड होते, हेप्टाडेकेन साडेएक्याऐंशी ग्रॅमच मिळतं, पण हायड्रोजन निम्म्याहून कमी लागतो. प्रत्यक्षात दोन्ही वाटा एकदम चालू असतात. कुठली किती चालली हे उत्पादनातल्या सी-१७ आणि सी-१८ (१७ आणि १८ कार्बनांच्या साखळ्या) यांच्या प्रमाणावरून कळतं. हे प्रमाण रोज वहीत लिहा. नळीच्या आत काय बिघडतंय ते सगळ्यात आधी तिथे दिसतं.

कुठलं तेल घ्यायचं

नाशिकमध्ये पहिला मोह द्राक्षाच्या बियांचा होतो. दिंडोरी, गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरी आहेत, जानेवारी ते मार्चमध्ये चोथ्याचे ढीग पडतात. पण टनभर द्राक्षांमागे बियांचं तेल फार तर चार-पाच किलो निघतं, आणि ते खाद्यतेल व सौंदर्यप्रसाधनांसाठी चांगल्या भावाने जातं. शिवाय त्यात लिनोलेइक आम्ल दोन तृतीयांशाच्या आसपास असतं. दुहेरी बंध जास्त, म्हणून हायड्रोजन जास्त आणि उष्णताही जास्त. ते जाळू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. सुरगाणा, पेठकडच्या मोहाच्या बियांचं तेल तिथल्या घरांत खाल्लं जातं, त्यालाही हात लावू नये.

उरतात दोन. एक करंज. ते खाण्याचं नाही, रस्त्याच्या कडेला झाडं आहेत, उन्हाळ्यात शेंगा गोळा करता येतात आणि घाण्यावर १०० किलो बियांमागे २५ किलोच्या आसपास तेल निघतं. दुसरं हॉटेलं, फरसाणवाले आणि वडापावच्या गाड्यांवरचं वापरलेलं तळणीचं तेल. एकूण ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल स्वयंपाकात वापरू नये असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम १ जुलै २०१८ पासून आहे, त्यामुळे हे तेल कुणाच्या ताटातून काढून घेतल्यासारखं होत नाही. दोन्ही तेलांचा स्वभाव मात्र वेगळा. करंजात गोंद, म्हणजे फॉस्फोलिपिड, जास्त. तळणीच्या तेलात मीठ, पीठ आणि पाणी जास्त. म्हणून धुण्याची पद्धतही वेगळी.

धुणं, वाळवणं, गाळणं

करंजाचं एक किलो तेल घ्या. आधी जाड कापडातून गाळा, मग ७० अंशांवर आणा. ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल २ ग्रॅम घालून २० मिनिटं जोरात ढवळा. मग २५ ग्रॅम गरम डीएम (क्षार काढलेलं) पाणी घाला आणि ढवळणं मंद करा. इथे घाई केली तर तेल-पाण्याचं दूध होतं आणि दिवसभर फुटत नाही. अर्ध्या तासात तपकिरी रंगाचे, भिजलेल्या चण्याच्या सालीसारखे तुकडे तरंगताना दिसू लागतील. तोच गोंद. रात्रभर थरू द्या किंवा मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज करा.

आता इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. गोंद काढला म्हणून थांबतात, पण घातलेल्या आम्लातला फॉस्फरस तेलातच राहतो. १०० ग्रॅम गरम डीएम पाण्याने दोनदा धुवा, शेवटच्या पाण्याचा पीएच ६ च्या वर आला पाहिजे. नंतर व्हॅक्यूममध्ये १०५ अंशांवर बुडबुडे थांबेपर्यंत वाळवा. पुढे १०० अंशांवर, व्हॅक्यूममध्येच, १५ ते २० ग्रॅम ब्लीचिंग अर्थ घालून अर्धा तास ढवळा. ही मुलतानी मातीच्या जातीची, आम्लाने सक्रिय केलेली माती. उरलासुरला फॉस्फरस, लोह, कॅल्शियम ती ओढून घेते. गरम असतानाच गाळा आणि शेवटी एक मायक्रॉनच्या गाळणीतून काढा. मातीचा कण नळीत गेला तर सगळी मेहनत वाया.

तळणीच्या तेलाला फॉस्फोरिकऐवजी सायट्रिक आम्ल वापरा: किलोला १ ग्रॅम, थोड्या पाण्यात विरघळवून. पण त्याआधी मीठ काढायचं. ६० अंशांवर तेलाच्या दहा टक्के डीएम पाणी घालून हळू हलवा, थरू द्या, पाणी काढा. काढलेल्या पाण्याच्या चमच्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाका. पांढरा गढूळपणा आला की मीठ आहे, पुन्हा धुवा. चार-पाच वेळा धुवावं लागणं नेहमीचं आहे. नळाचं किंवा बोअरचं पाणी इथे चालत नाही, त्यात मुळातच क्लोराइड असतं आणि चाचणी कधीच साफ येणार नाही. क्लोराइडची इतकी काळजी अशासाठी की हायड्रोजनमध्ये त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, आणि नळीनंतर जिथे वाफेचं पाणी व्हायला लागतं तिथे ते स्टेनलेस स्टीलला बारीक चिरा पाडतं. बाहेरून पाइप चकचकीत दिसतो आणि एक दिवस ५० बारला गळतो.

मुक्त स्निग्धाम्लांची मात्र इथे भीती नाही. बायोडिझेल करणाऱ्यांची सवय कॉस्टिकने आम्ल मारण्याची असते. ती इथे घातक आहे. मुक्त आम्लांचंही पॅराफिनच होतं, पण कॉस्टिकमुळे झालेला सोडियमचा साबण तेलात राहतो आणि सोडियम उत्प्रेरकावर कायमचा बसतो. आम्लमूल्य (तेलातल्या मुक्त आम्लाचं माप) जास्त असेल तर तेल गरम होणारे सगळे भाग एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलचे ठेवा, साधं पोलाद नको.

नळीत जाण्यापूर्वी तेलाने हे आकडे गाठलेले हवेत: फॉस्फरस ३ पीपीएमच्या (दहा लाखांत ३ भागांच्या) आत, सगळे धातू मिळून ५ ते १० पीपीएमच्या आत, पाणी ५०० पीपीएमच्या आत, क्लोराइड ५ पीपीएमच्या आत. धातू आणि फॉस्फरससाठी आयसीपी चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घ्यावी लागते. तो खर्च टाळू नका. धुतलेलं तेल नायट्रोजन भरून बंद डब्यात ठेवा, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या वर ठेवूच नका. हवेतली ओल आणि ऑक्सिजन दोन्ही काम बिघडवतात.

कुठला धातू

पॅलेडियम कार्बनवर घातला तर तो छान काम करतो, पण महाग, आणि तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या वाटेने जातो. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या बंद भांड्यात) एक-दोन प्रयोग करून तेल ओळखायचं असेल तर तो घ्या. सुटं निकेल स्वस्त, पण त्याला साखळ्या तोडून मिथेन करायची खोड आहे. कार्बन मोनॉक्साइडपासून मिथेन होताना मोलला २०६ किलोज्यूल उष्णता सुटते, आणि तापमान हाताबाहेर जायला काही मिनिटं पुरतात. सतत चालणाऱ्या नळीसाठी सल्फाइड केलेलं, म्हणजे गंधक मुरवलेलं, निकेल-मॉलिब्डेनम, गॅमा अ‍ॅल्युमिनावर, हीच निवड करा. तयार मिळाला तर विकतच घ्या. मिळत नसेल तर १०० ग्रॅम असा करता येतो.

८१.५ ग्रॅम गॅमा अ‍ॅल्युमिनाच्या शेवया, दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या, १२० अंशांवर रात्रभर वाळवा. त्यांतल्या १० ग्रॅमवर थेंब-थेंब पाणी टाकून किती पाणी शोषलं जातं ते आधी मोजा. ग्रॅमला ०.६ मिली धरलं तर एकूण ४९ मिली. अमोनियम हेप्टामॉलिब्डेट १८.४ ग्रॅम तेवढ्याच कोमट पाण्यात विरघळवा. अगदी काठावरचं विरघळणं आहे, थोडा अमोनिया घातला की द्रावण स्वच्छ होतं. पण अमोनियाचं आकारमान ४९ मिलीतच धरा. द्रावण शेवयांवर थोडं-थोडं टाकत भांडं फिरवत राहा. शेवटी शेवया ओल्या दिसाव्यात, पण एकमेकींना चिकटू नयेत. दोन तास झाकून ठेवा, १२० अंशांवर वाळवा, मग मिनिटाला ३ अंशांनी चढवत ५०० अंशांवर ४ तास भाजा. निकेल दुसऱ्या फेरीत. शोषण पुन्हा मोजा, कारण छिद्रं थोडी भरलेली असतात. निकेल नायट्रेट १३.६ ग्रॅम तेवढ्या पाण्यात, तीच पद्धत, ४५० अंशांवर ४ तास. नायट्रेट भाजताना तपकिरी धूर निघतो, भट्टी धुराड्याखालीच हवी. निकेलची धूळ कर्करोगकारक आहे, मास्क आणि हातमोजे उतरवू नका.

एक शेवई नखाने मोडून भिंगाखाली बघा. आतून-बाहेरून एकसारखा फिकट हिरवा रंग असेल तर धातू गाभ्यापर्यंत पोहोचला आहे. बाहेर गडद कडा आणि आत पांढरा गाभा दिसला तर द्रावण घाईने टाकलं गेलं किंवा कमी पडलं. तो घाणा नळीत घालू नका. यात १५ टक्के मॉलिब्डेनम ऑक्साइड आणि साडेतीन टक्के निकेल ऑक्साइड असतं.

नळी आणि तिच्या भोवतीचं

आतला व्यास १४ मिलिमीटर, लांबी ६० ते ७० सेंटिमीटर, एसएस ३१६ ची जाड नळी. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये चांगलं टर्निंग आणि आर्गन वेल्डिंग होतं, पण नळी, फिटिंग आणि व्हॉल्व्ह हे दाबाच्या प्रमाणपत्रासहच घ्या, आणि पूर्ण जोडणी कामाच्या दाबाच्या दीडपट पाण्याच्या दाबावर तपासून घ्या. नळीच्या मधोमध ३ मिलिमीटरचं थर्मोवेल, म्हणजे बंद टोकाची बारीक नळी, ज्यात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) वर-खाली सरकवता येईल. एका जागी अडकलेलं थर्मोकपल तापमानाचा उंचवटा कधीच दाखवत नाही.

उत्प्रेरक फोडून ०.५ ते १ मिलिमीटरच्या चाळणीत धरा. २० मिली, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, तेवढ्याच सिलिकॉन कार्बाइडमध्ये मिसळा आणि चार-पाच भागांत, प्रत्येक भागानंतर नळीवर टिचक्या मारत भरा. थर २५ सेंटिमीटरच्या आसपास होतो. वर १५ सेंटिमीटर नुसतं सिलिकॉन कार्बाइड, तिथे तेल आणि हायड्रोजन एकत्र तापतात. तेल एकटं, हायड्रोजनशिवाय, २०० अंशांच्या वर कधीही तापवू नका. दुहेरी बंध एकमेकांत गुंफतात आणि पाइपातच राळ होते.

तेलाला पिस्टनचा एचपीएलसी पंप (थोडं द्रव जास्त दाबाने मोजून ढकलणारा), त्याची डबी आणि सक्शन ५० अंशांवर गरम. हायड्रोजनला मास फ्लो कंट्रोलर, म्हणजे प्रवाह ठरलेला ठेवणारं यंत्र. नळीनंतर वायू आणि द्रव वेगळं करणारा विभाजक आणि नळीतला दाब टिकवणारा बॅक-प्रेशर रेग्युलेटर. विभाजक व त्याखालचे पाइप ४५ ते ५० अंशांवर ठेवायलाच हवेत. ऑक्टाडेकेन २८ अंशांना गोठतं. डिसेंबरच्या पहाटे उघड्या शेडमध्ये ड्रेन व्हॉल्व्ह मेणाने गच्च होतो आणि विभाजक भरून पॅराफिन गॅसच्या पाइपात चढतं.

प्रमाण असं ठरवा. तेल ताशी २० मिली, म्हणजे उत्प्रेरकाच्या आकारमानाइतकं. हायड्रोजन लिटरभर तेलामागे १,००० नॉर्मल लिटर (शून्य अंश आणि समुद्रसपाटीच्या दाबाला मोजलेले). गरज साडेतीनशेच्या आसपास असते, बाकीचा उष्णता वाहून नेतो आणि कार्बन साचू देत नाही. ताशी २० नॉर्मल लिटर म्हणजे मिनिटाला ३३३ नॉर्मल मिली. साबणाच्या बुडबुड्याच्या मीटरवर तपासत असाल तर लक्षात ठेवा, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. इथल्या हवेच्या दाबाला आणि ३० अंशांना हाच प्रवाह ३९५ मिलीच्या आसपास दिसला पाहिजे. मीटरवर ३३३ दिसतंय म्हणून समाधान मानलं तर प्रत्यक्षात हायड्रोजन सहावा हिस्सा कमी पडतो.

सिलिंडर बाहेर, वरून उघड्या शेडमध्ये, साखळीने बांधलेला. हायड्रोजनचा सिलिंडर लाल असतो आणि त्याचे आटे उलटे. नायट्रोजनचा रेग्युलेटर बसत नाही म्हणून अ‍ॅडॉप्टर शोधू नका, आटे मुद्दाम उलटे ठेवलेले आहेत. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन पेट घेतो आणि त्याची ज्योत दिवसा दिसत नाही. छताला झरोका आणि हायड्रोजनचा सेन्सर छतापाशीच. सिलिंडरचा साठा किती करता येतो आणि परवाना केव्हा लागतो हे गॅस सिलिंडर नियम, २०१६ मध्ये आहे. ते काम पेसोकडे, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेकडे, मुख्यालय नागपूरला. आणि हे स्वयंपाकघरात किंवा गॅरेजमध्ये करायचं काम नाही, हे वेगळं सांगायला नको असलं तरी सांगतो.

सल्फाइड करणं

नळी भरल्यावर आधी ६० बार नायट्रोजनवर दोन तास धरून ठेवा. दाब अर्ध्या बारपेक्षा जास्त उतरला तर साबणाच्या पाण्याने प्रत्येक सांधा बघा. मग हायड्रोजन.

ऑक्साइडच्या रूपातला उत्प्रेरक नीट काम करत नाही, त्याचं सल्फाइड व्हावं लागतं. १५ ग्रॅम उत्प्रेरकाला सुमारे १.१५ ग्रॅम गंधक लागतं, म्हणजे १.७ ग्रॅम डायमिथाइल डायसल्फाइड. दुप्पट धरा, ३.४ ग्रॅम. ते डिझेलमध्ये २ टक्के मिसळून ताशी २० मिली सोडलं तर दहा तासांत जातं. आधी १५० अंशांवर थर भिजवा, मग ताशी २५ अंशांनी २३० पर्यंत या आणि तिथे थांबा. बाहेर पडणाऱ्या वायूत लेड अ‍ॅसिटेटची ओली पट्टी धरा. पहिले काही तास ती पांढरीच राहते, कारण गंधक सगळं थरात मुरत असतं. पट्टी काही सेकंदांत तपकिरी-काळी झाली, की हायड्रोजन सल्फाइड पार निघू लागलं. तोवर तापमान वाढवायचं नाही. गंधक पोहोचायच्या आत २५० च्या वर हायड्रोजन मिळाला तर मॉलिब्डेनम ऑक्साइड गंधकाऐवजी हायड्रोजननेच उतरतं, म्हणजे ऑक्सिजन गमावतं, आणि पुढे धड सल्फाइड होत नाही. ही चूक परत दुरुस्त करता येत नाही. पट्टी काळी झाल्यावर ३४० पर्यंत चढा आणि ४ तास राहा.

बाहेर येणारा वायू १५-२० टक्के कॉस्टिकच्या दोन बाटल्यांतून काढा. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. वासावर भरवसा ठेवू नका, १० पीपीएमला वाजणारा सेन्सर छातीच्या उंचीवर लावा.

वनस्पती तेलात गंधक जवळजवळ नसतं. त्यामुळे चालू असताना उत्प्रेरकातलं गंधक हळूहळू धुऊन जातं. म्हणून प्रत्येक किलो तेलात ०.३ ग्रॅम डायमिथाइल डायसल्फाइड घालत राहा. त्याने २०० पीपीएम गंधक राहतं. हे विसरलं की तीन-चार दिवसांनी सी-१७ वाढू लागतं, आणि लोक तापमान वाढवून रोग आणखी वाढवतात.

चालवणं

५० बार, थर २८० अंश, आणि सुरुवातीला डिझेलमध्ये दहा टक्के तेल. सहा तासांनी २५ टक्के, मग ५०, मग पूर्ण तेल. दर टप्प्यावर थर्मोकपल सरकवून पूर्ण थराचं तापमान लिहा. एक दुहेरी बंध भरताना मोलला सुमारे १२० किलोज्यूल सुटतात, आणि हे सगळं थराच्या पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच घडतं. ठरवलेल्या तापमानापेक्षा १५ अंश वर गेलं तर तेल बंद करा. हायड्रोजन बंद करू नका. घाबरून सगळंच बंद केलं की गरम थरात अडकलेलं तेल काही मिनिटांत कोक होतं. मोठ्या कारखान्यांत याच कारणाने तयार पॅराफिनचा मोठा भाग परत फिरवून ताज्या तेलात मिसळतात. लहान नळीतही निम्मं पॅराफिन मिसळून चालवलं तर उत्प्रेरक जास्त दिवस टिकतो.

जून-जुलैत वीज जाते, हे धरूनच मांडणी करा. कंट्रोलरला यूपीएस आणि तेलाच्या वाटेवर वीज गेली की आपोआप बंद होणारा सोलेनॉइड. हायड्रोजनची वाट वीज गेल्यावरही उघडी राहिली पाहिजे.

पूर्ण तेलावर आल्यावर ३४० अंशांवर २४ तास स्थिर होऊ द्या, मगच नमुना घ्या. बाटलीत दोन थर दिसतील: खाली पाणी, वर पाण्यासारखंच रंगहीन पॅराफिन, घनता ०.७८ च्या आसपास. पॅराफिनात पिवळी झाक असेल तर काम अपुरं राहिलंय. आम्लमूल्य काढा. अर्ध्याच्या वर असेल तर तापमान ५ अंशांनी वाढवा किंवा तेल कमी करा. आयआर (अवरक्त किरणांचं) यंत्र असेल तर आलेखावर १७४५ प्रति सेंटिमीटरचा एस्टरचा आणि १७१० च्या आसपासचा आम्लाचा उंचवटा दोन्ही गेले पाहिजेत. एस्टर गेलं आणि आम्ल उरलं, तर तेल फुटलंय पण ऑक्सिजन निघालेला नाही. अशा वेळी बहुधा गंधक कमी पडलेलं असतं. पॅराफिन थंड झाल्यावर तळाशी पांढरा, बोटावर घासला तर साबणासारखा न वितळणारा चिकट साका बसला तर ते स्टिअरिल स्टिअरेट. ते ६० अंशांच्या आसपास वितळतं, पॅराफिन अंगाच्या उबेनेच वितळतं.

नळीच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक रोज बघा. हळूहळू वाढला तर फॉस्फरस, म्हणजे परत धुण्याकडे जा. एकदम वाढला तर मातीचे कण किंवा पंपाच्या बाजूची राळ. तापमानाचा उंचवटा दर आठवड्याला खाली सरकत असेल तर वरचा थर सोडियम-कॅल्शियमने मरत चाललाय.

निफाडच्या थंडीत चालेल असं करायचं तर

एवढं सगळं करून मिळालेलं पॅराफिन डिसेंबरमध्ये बाटलीत मेणासारखं घट्ट बसतं. करंजात २२ कार्बनांची साखळीही असते, आणि त्या पॅराफिनचा वितळणबिंदू ४४ अंश आहे. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली जातो, तिथे ट्रॅक्टरच्या फिल्टरमध्ये हे चालायचं नाही. सरळ साखळीला फांदी फोडावी लागते. त्यासाठी दुसरी नळी: सॅपो-११ (बारीक छिद्रांचा, झिओलाइटसारखा पदार्थ) वर ०.५ टक्के प्लॅटिनम, ३२० ते ३४० अंश, ३० ते ४० बार, तोच ताशी एक आकारमानाचा वेग, हायड्रोजन लिटरला ४०० नॉर्मल लिटर. प्लॅटिनम आधी हायड्रोजनमध्ये ४०० अंशांवर ३ तास उतरवून घ्यायचं. पहिल्या नळीतून आलेलं पॅराफिन मात्र तसंच सोडू नका. पाणी वेगळं करा, १०० अंशांवर नायट्रोजनचे बुडबुडे सोडून हायड्रोजन सल्फाइड हाकला, लेड अ‍ॅसिटेटची पट्टी पांढरी राहिली पाहिजे. गंधक प्लॅटिनमचं विष आहे. तापमान जास्त झालं की फांद्यांऐवजी तुकडे पडतात आणि पेट्रोलच्या जातीचं हलकं इंधन वाढतं. धुके-बिंदू (ज्या तापमानाला इंधनात मेणाचं धुकं दिसू लागतं) उतरतोय, पण १० टक्क्यांपेक्षा जास्त हलकं निघत नाही, अशा जागी थांबा.

विमानाच्या इंधनाची इच्छा असणाऱ्यांसाठी: याच वाटेने बनलेलं इंधन एएसटीएम डी७५६६ या मानकाखाली ५० टक्क्यांपर्यंत मिसळायला मान्यता आहे, पण त्याला फांद्यांसोबत थोडे तुकडेही लागतात आणि प्रत्येक घाण्याची पूर्ण चाचणी लागते. प्रयोगशाळेतली बाटली ओझरच्या धावपट्टीपर्यंत जात नाही.

बंद करणं आणि नळी उघडणं

तेल बंद करून ३०० अंशांवर सहा तास डिझेल सोडा, मेण धुऊन निघतं. मग हायड्रोजनने, आणि शेवटी २०५ अंशांच्या वर असतानाच नायट्रोजनने नळी पूर्ण झाडून काढा. यामागचं कारण गंभीर आहे. थरात कार्बन मोनॉक्साइड उरला आणि तापमान २०० च्या खाली आलं तर निकेलशी त्याचा निकेल कार्बोनिल हा वायू होऊ शकतो, तो अतिशय जहाल विषारी आहे. बाहेर येणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड नाही हे तपासूनच पुढे थंड करा.

वापरलेलं सल्फाइड हवा लागताच धुमसतं, कधी पेटही घेतं. नायट्रोजन सोडतच नळी रिकामी करा आणि उत्प्रेरक डिझेलने भिजलेल्या डब्यात काढून झाकण लावा. तो घातक कचऱ्यात मोडतो. नाल्यात किंवा भंगारात जाता कामा नये, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्यता दिलेल्या पुनर्प्रक्रियावाल्यालाच द्या. त्यात मॉलिब्डेनम आणि निकेल असतं, काही वेळा त्याचे पैसेही मिळतात.

हायड्रोजनचा हिशोब, मोठं करण्याआधी

सात घनमीटरचा सिलिंडर १५० बारवर येतो, पण ५० बारच्या नळीला तो ५५ बारपर्यंतच कामाचा. म्हणजे हाती ४.४ घनमीटर. ताशी २० लिटरने नऊ दिवस पुरतो, प्रयोगाला तेवढं ठीक. पण एक टन तेलाला नुसता अभिक्रियेसाठीच ३४ किलो, म्हणजे ३७८ घनमीटर हायड्रोजन लागतो. सिलिंडरांत मोजला तर ८६ सिलिंडर. इलेक्ट्रोलायझरने बनवला तर किलोला ५० ते ५५ युनिट धरून टनामागे सुमारे १,८०० युनिट वीज. नाशिकला उन्हाची कमी नाही, तरी सौर पॅनल, इलेक्ट्रोलायझर आणि कॉम्प्रेसर यांचा खर्च आधी मांडा, नळीचा आणि उत्प्रेरकाचा नंतर. तेल गोळा करण्याचा करार, धुण्याच्या पाण्याची विल्हेवाट आणि हायड्रोजन, या तिन्हींचे आकडे कागदावर जुळत नसतील तर २० मिलीच्या नळीवरच थांबावं.